सुभेदार काठी शिकतात

सुभेदारांना लुटलं, ही बातमी पोलिसांच्या आधी आक्कांकडं होती. आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये कमरेएवढी भिंत आहे. सकाळी त्या जास्वंदीची फुलं तोडायला येतात आणि मी झाडांना पाणी घालतो. तेवढ्या वेळात कॉलनीचा सगळा कारभार निघतो.

“दोघं होती,” आक्का म्हणाल्या. “गाडीवर. मागचा उतरला, पत्ता इचारला आन् पिशवीला हात घातला.”

दुपारपर्यंत दूधवाल्याच्या तोंडी ते चौघं झाले होते. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर सहा जण, त्यातल्या एकाकडं कोयता. गेलेली रक्कमही अशीच चढत्या व्याजानं वाढत होती. सुभेदारांनी फिर्यादीत किती लिहिली ते आक्कांना पक्कं ठाऊक आहे. “आकडा सांगून काय करायचा, गेलं ते गेलं,” असं म्हणून त्यांनी तो लगेच सांगूनही टाकला. मी इथं लिहीत नाही. कॉलनीतल्या बाकीच्यांचे आकडे खोटे पाडायचं पाप नको.

घडलं ते एवढंच. सुभेदार टेंबलाईकडच्या मिलिटरी कॅन्टीनमधून परत येत होते. रिक्षा कोपऱ्यावरच सोडली, कारण आत वळायचे रिक्षावाला जादा पैसे मागत होता आणि सुभेदार नियमाबाहेर कुणाला रुपया देत नाहीत. पिशवीत चहाची पूड, साबण, महिन्याच्या कोट्यातली रमची बाटली, पेन्शनमधून काढलेले पैसे आणि कॅन्टीनचं कार्ड. पोरानं पिशवी ओढली, सुभेदारांनी सोडली नाही. मग पिशवीबरोबर तेही ओढले गेले आणि डांबरावर पालथे पडले.

“घरात काय सांगितलं म्हाईत हाय?” आक्का भिंतीवर वाकल्या. “पाय घसरला! कोपर सोललं, चष्मा फुटला, ते समदं खरं. पन पाय घसरल्यावर चहाची पूड कुटं जाती ओ सर?”

सुभेदारीणबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला, आणि जे उत्तर आलं नाही त्यावरून त्यांना सगळं कळलं. पोलीस ठाण्यात त्यांनीच नेलं नवऱ्याला. आक्कांच्या मते दंडाला धरून नेलं. हे मला खरं वाटत नाही. पण सुभेदार स्वतःहून गेले नसते, हे खरं.

आमचे सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. सैन्यातलं काही न कळणाऱ्यांनाही कॉलनीत एवढं कळतं, कारण ते दर चार वाक्यांनंतर सांगतात. रेजिमेंटची सगळ्यांत जुनी पलटण १७६८ सालची, कंपनी सरकारनं मुंबईला उभी केलेली. हे स्वतः बेळगावच्या सेंटरवर रंगरूट म्हणून उतरले, आणि १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. ४ फेब्रुवारीला रेजिमेंटचा मराठा दिन असतो, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवसाचा. त्या सकाळी कोटावर पदकं लावून ते फाटकात उभे राहतात आणि शाळेला निघालेल्या पोरांच्या हातावर पेढा ठेवतात. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तरी सुभेदार बोलायला उठले की सगळे जरा सरळ होऊन बसतात.

असा माणूस दोन पोरांनी भर दुपारी रस्त्यावर पाडला. त्यानंतर ते फिरायला जायचे बंद झाले. बातम्या बघायच्या नाहीत, पेपर चाळायचा आणि ठेवून द्यायचा. फाटकाची कडी वाजली की आतून “कोण आहे?” असा आवाज यायचा. पूर्वी “या!” असा यायचा. आणि आमची कॉलनी म्हणजे सहानुभूती चिमूटभर, सल्ला पायलीभर. कुणी म्हणे, पिशवी सोडून द्यायची होती. कुणी म्हणे, एवढे पैसे घेऊन फिरायचंच कशाला, मोबाइल आहे ना. आणि एक-दोघांनी तर तोंडावर विचारलं, “फौजी असून?”

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना फौज सिनेमात दिसते तेवढीच माहीत. सैनिक एकटा लढत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला माणसं असतात, मागं कुणीतरी रसद पोचवत असतं, हातात रायफल असते आणि समोरचा शत्रू आहे हे वरून सांगितलेलं असतं. सत्तरीत, एकट्यानं, एका हातात पिशवी धरून, पत्ता विचारणाऱ्या पोराला शत्रू कधी समजायचं, हे बेळगावच्या सेंटरवर कुणी शिकवलेलं नाही. उलट पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगायचा, हेच आपण जन्मभर शिकतो.

“आता खरं ऐका,” आक्का एका सकाळी म्हणाल्या. फुलांची परडी त्यांनी भिंतीवर ठेवली, म्हणजे विषय मोठा होता. “भावजी काठी शिकाय लागल्यात.”

“चालायची?”

“फिरवायची!”

शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मर्दानी खेळाचा वर्ग भरतो, हे मला ठाऊक होतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती मुलं-मुली दिसतात, लाठ्या गरगरत असतात, मध्येच एखादी मुलगी दांडपट्टा चालवून जमिनीवर ठेवलेली लिंबं चिरते आणि लोकांचे श्वास अडकतात. शिकवणारी वस्ताद बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. तिचे आजोबा शिवाजी पेठेतले जुने वस्ताद. शिकणारी सगळी शाळकरी पोरं, आणि त्यांच्या रांगेत शेवटी, पांढऱ्या बुटात, आमचे सुभेदार.

“आन् ती पोरगी त्यास्नी वरडती,” आक्कांच्या आवाजात भीती आणि आनंद दोन्ही होते. “‘आजोबा, पाय!’ म्हंती. आन् हे ‘जी वस्ताद’ म्हंत्यात. सुभेदारीनबाईंनी आपल्या डोळ्यांनी बगितलं. घरात आजवर कुनाला ‘जी’ म्हनलं न्हाई.”

पाय, म्हणजे पवित्रा. पहिल्या दिवशी सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले, टाच टाचेला भिडवून, छाती पुढं. मुलगी म्हणाली, एवढं ताठ उभं राहिलात तर पहिल्याच धक्क्याला आडवे व्हाल. गुडघे सैल सोडा, पाय तिरके टाका. हयातभर रंगरूटांचे गुडघे ताठ करणाऱ्या माणसाला ही शिकवणी! पण सुभेदारांनी ऐकलं. मला वाटतं त्यांना बरं वाटत असणार. निवृत्तीनंतर सगळे त्यांना मान देत होते, पण ‘चुकलं, परत करा’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

इतिहास शिकवत आलो असल्यामुळं मला इथं राहवलं नाही. मी आक्कांना सांगायला लागलो की १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हापासून मराठी मुलखातल्या शस्त्रांना उतरती कळा लागली, १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यानं हत्याराला परवाना लागू केला आणि तलवारी माळ्यावर गेल्या. कोल्हापुरात मात्र संस्थान होतं, तालमी होत्या. शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. त्या तालमींच्या आसऱ्यानं लाठी, फरी-गदका, पट्टा, विटा ही मंडळीही तग धरून राहिली. अगदी अलीकडं, २०२४ साली, दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

“राज्यप्रानी शेकरू हाय न्हवं?” आक्का म्हणाल्या. “त्यो मी कंदी बगितला न्हाई. आता ह्ये राज्यशस्त्र. असूंदे.”

खरी गंमत पुढंच आहे. वस्तादांनी सुभेदारांना बरेच दिवस काठी दिलीच नाही. ती मुलगी कॉलेजात ज्युदो खेळलेली. तिनं आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, मग गाद्या घातल्या आणि पडायला शिकवलं. बसल्या जागेवरून मागं पडायचं. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करायची. हात मागं टेकायचा नाही, कारण सगळा भार मनगटावर येतो आणि म्हाताऱ्या माणसाचं हाड तिथंच मोडतं. त्याऐवजी दोन्ही हात बाजूला गादीवर सपकन मारायचे. जपानी ज्युदोची ही पहिली इयत्ता. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तो खेळ सुरू केला, आणि त्यात फेकणाऱ्याइतकाच फेकला जाणाराही तयार करावा लागतो.

काठी शिकायला गेलेल्या माणसाला पडायला शिकवतात, हे ऐकून आक्का खूप हसल्या. मी हसलो नाही. सुभेदारांकडं त्या दुपारी काठी असती तरी काही उपयोग नव्हता. पडता आलं असतं तर कोपर वाचलं असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट त्या मुलीनं दुसऱ्या आठवड्यात सांगितली म्हणे: पिशवी ओढली की पिशवी सोडायची. सुभेदार म्हणाले, सोडायची? मुलगी म्हणाली, पिशवीतलं सामान कॅन्टीनला परत मिळतं, तुमचा खुबा मिळत नाही. हे वाक्य आक्कांनी आमच्या हिला, कॉलनीतल्या वकीलीणबाईंना आणि भाजीवालीला असं सगळ्यांना ऐकवून झालंय. एरवी आक्कांच्या तोंडून दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं निघत नाही.

यथावकाश काठी हातात आली. तमाचा, बाहेरा, शीर असे एकेक हात सुरू झाले. सुभेदारांची मूठ पहिल्यांदा रायफलीला संगीन लावून भोसकायची सवय असल्यासारखी पुढं जायची, काठी फिरायचीच नाही. हळूहळू फिरायला लागली. घरी परसात सराव करताना त्यांनी तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला. तो नंतर सिमेंटनं लिंपला, आणि ते काम मात्र चोख झालंय. भिंतीवरून मी बघितलं.

आता प्रश्न आला रस्त्याचा. शिकलेली काठी घेऊन फिरायचं का? वकीलीणबाई परसात कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “काठीला परवाना लागत नाही. पण सणावारी, निवडणुकीला पोलीस कलम ३७ चा आदेश काढतात, त्यात लाठी घेऊन फिरायलाही मनाई असते. सुभेदारांना सांगा, काठीला रबरी बूच लावा आणि जरा लंगडा.”

“सुभेदार लंगडतील?” मी म्हणालो.

“मग छत्री घ्या म्हणावं.”

छत्रीवरून मला एक नाव आठवलं. एच. जी. लँग म्हणून हिंदुस्थानच्या पोलीस खात्यात एक इंग्रज अधिकारी होता. त्यानं १९२३ साली चालायच्या काठीनं स्वतःचा बचाव कसा करावा यावर अख्खं पुस्तक लिहिलं. साहेबाच्या हातातली ती शोभेची काठी कशी धरायची, अंतर कसं राखायचं, मनगटातून फटका कसा सोडायचा. हे ऐकून वकीलीणबाई म्हणाल्या की पोलिसानं पुस्तक लिहिण्याऐवजी गस्त घातली असती तर बरं झालं असतं. त्या वकिलीच्या सवयीनं बोलतात. पण मुद्दा बिनतोड होता.

त्यांनीच मग कायदा समजावला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आली. तिच्यात हिसकावून नेण्याला स्वतंत्र कलम आहे, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हिसकावताना माणसाला इजा केली तर ती जबरी चोरी, शिक्षा आणखी मोठी. स्वतःचा बचाव करायचा हक्क आहेच, पण गरजेपुरता. “म्हणजे सुभेदारांनी चोराला काठीनं आडवा केला आणि मग वर आणखी चार हाणल्या, तर त्या चार माझ्याकडं केस म्हणून येतील,” त्या म्हणाल्या. केस आली तर त्यांना आवडेल, असं मला उगाच वाटून गेलं.

सुभेदार स्वतः या बाबतीत कमी बोलतात. एकदा फाटकात गाठ पडली तेव्हा गलवानचा विषय निघाला. तिथं गोळी चालवायची नाही असा चीनबरोबरचा १९९६ चा करार, म्हणून २०२० च्या जूनमध्ये आपले वीस जवान दगड, दांडे आणि हातापायांच्या लढाईत गेले. “आमच्या वेळी वाटायचं, हातात रायफल आहे, बाकी काय करायचंय,” एवढं म्हणून ते आत गेले. पुढं काही बोलतील म्हणून मी थांबलो होतो.

आणि आता या गोष्टीचा जो भाग कॉलनीत दोन तट पाडून गेला, तो.

पोलिसांना एक पोरगा सापडला. दुसऱ्याच एका चोरीत, पण गाडी तीच, वर्णन तेच. सुभेदारांना ओळखायला बोलावलं. सुभेदार गेले, पोराकडं बघितलं, आणि म्हणाले, “हा तो नाही.”

“त्योच हुता!” आक्कांनी भिंतीवर हात आपटला. “सुभेदारीनबाई म्हंत्यात, घरी येऊन दोन दिवस तोंडात घास न्हाई. त्यो नसता तर जेवलं असतं की!”

असं का केलं असेल? सुभेदारीणबाईंच्या सांगण्यानुसार गोष्ट अशी. त्या दुपारी पडल्या पडल्या सुभेदारांनी मागच्या पोराला गाडीकडं पळताना बघितलं होतं. हात कमरेशी, टाच वर, पावलं मोजून. असं पळायला आपोआप येत नाही. भरतीचं सोळाशे मीटर घोटलेलं पोर होतं ते. कोरोनाच्या काळात सैन्याची भरती दोन वर्षं झालीच नाही, आणि आमच्या जिल्ह्यात, साताऱ्यात, सांगलीत किती पोरांचं वय त्यात निघून गेलं त्याचा हिशेब गावागावातल्या मैदानांना ठाऊक. २०२२ साली भरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा एकदाच वयाची मर्यादा तेवीसपर्यंत वाढवून दिली. तरी ज्यांचं वय त्याच्याही पलीकडं गेलं ती पोरं पहाटे पळायची थांबली आणि काय करायला लागली, ते कुणी विचारत नाही.

मी आक्कांना तेव्हा गिचिन फुनाकोशींची हकिकत सांगितली. ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर, जन्म १८६८ चा. १९२२ साली टोकियोला कराटे दाखवायला गेले ते तिथलेच झाले. महायुद्ध संपल्यावर, ऐंशीच्या घरात असताना, एका रात्री रस्त्यात त्यांच्यावर चोर धावून आला. म्हाताऱ्यानं अंग चुकवलं आणि चोराला धरलं. कुठं धरलं ते मी सांगितल्यावर आक्कांनी पदर तोंडाला लावला. चोर पोलिसाच्या हवाली झाला. पण तो निघाला नुकताच लढाईवरून परतलेला, हाताला काम नसलेला सैनिक. कराटेत पहिला वार आपला नसतो असं जन्मभर शिकवलेल्या फुनाकोशींनी आत्मचरित्रात त्या रात्रीबद्दल स्वतःलाच दोष दिलाय.

“दोष कशापायी?” आक्का म्हणाल्या. “चांगलं धरलं हुतं की.”

मला स्वतःला सुभेदारांचा निर्णय पटला का? अर्धा. पिशवी सुभेदारांची, कोपर सुभेदारांचं, त्यांनी सोडून दिलं तर तो त्यांचा अधिकार. पण तोच पोरगा उद्या एखाद्या म्हातारीच्या गळ्यातलं ओढेल, आणि ती म्हातारी कदाचित पडायला शिकलेली नसेल. वकीलीणबाई तर म्हणतात, चष्मा फुटला होता, ओळखणार कसे? त्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं असेल. सगळ्यात सोपं उत्तर ते, म्हणून कॉलनीत कुणाला आवडत नाही.

हल्ली पहाटे मैदानावर पाच-सहा पोरं पळतात आणि सुभेदार हातात घड्याळ धरून उभे असतात. सोळाशे मीटर किती वेळात, ते ओरडून सांगतात. आक्कांचं म्हणणं, त्यातलं एक पोरगं तेच आहे.

“तुम्ही ओळखलंत?”

“मी कुटं बगितलंय त्याला?” आक्का म्हणाल्या, “पन हाय त्योच. ते ऱ्हाऊं द्या. वकीलीनबाईंनी काठीच्या वर्गात नाव घातलंय. मी बी घातलंय. तुमच्याकडं आमच्या जावयाची लांब दांड्याची छत्री ऱ्हायलीया न्हवं? तेवढी काढून द्या. वस्ताद म्हनली, पहिल्या दिवशी काय बी चालतंय.”